मोहफुलीला जेवू घालू नका

परीक्षानळी खिडकीसमोर धरायची, नखानं दोनदा टिचकी मारायची आणि हळूच विचारायचं, "निरोप पोचला का?" आमच्या मॅडमना असं करताना तुम्ही पाहिलं असतं, तर तुम्हालाही वाटलं असतं की या बाई नळीशी बोलतात. पहिले सहा महिने मलाही तसंच वाटायचं.

भंडाऱ्याच्या कॉलेजात त्या वनस्पतीशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. ऐंशी सालाच्या आगेमागेची गोष्ट. मोहाडीच्या विणकराच्या घरातली ही मुलगी वर्गात पुस्तकी मराठी बोले, पण प्रयोगशाळेचं दार लोटलं की घरची बोली सुरू. पीएच.डी.साठी त्यांनी एक यीस्ट धरलं होतं. मोहाडीच्या बाजारातल्या मोहफुलांवर सापडलं म्हणून त्याचं नाव मोहफुली. ऑफिसातले बाबूजी दारातूनच नाक दाबायचे.

"मॅडम, कॉलेजात भट्टी लावून राहिल्या का?"

"पहिल्या धारेची तुमच्यासाठीच ठेवली, बाबूजी," मॅडम मान वर न करता म्हणायच्या.

निरोपाचं कोडं त्यांनीच मला उलगडून सांगितलं. "पेशीत कायनेज नावाचं प्रथिन असते, भाऊ. लग्नाची अक्षत देत फिरणारा माणूस समजा. दारोदार जाते, एकेका प्रथिनावर फॉस्फेटचा दाणा ठेवते. ज्याले अक्षत भेटली, तो कामाले लागते." साखर मुबलक असली की हा फेरा जोरात चालतो आणि पेशी नुसती वाढत सुटते. साखर संपली की अक्षत देणारा घरी बसतो. मग पेशी वाढ थांबवते, आत साठा करते आणि ऊन सोसायला तयार होते. मोहफुली बेकरीच्या यीस्टपेक्षा जास्त ऊन सोसायची. ती का सोसते, यावर मॅडमचा चार वर्षांचा प्रबंध उभा होता.

एका मे महिन्यात त्यांच्या वडिलांना लकवा झाला. मोहाडीला निघताना त्या मला म्हणाल्या, "आठ दिवस काहीच करू नका, भाऊ. फक्त पाहत जा."

मी पाहत होतो, तेच नडलं. नळ्यांतलं खाद्य सुकलेलं, त्यावरचा मोहफुलीचा थर सुरकुतलेला. मला दया आली. बाराही नळ्यांतली मोहफुली मी ताज्या, साखर घातलेल्या खाद्यावर चढवली. कॉलेजात नळ्यांची कायम टंचाई, म्हणून जुन्या उकळून धुऊन टाकल्या. दुसऱ्या दिवशी नव्या नळ्यांत पांढरी साय धरू लागली आणि मी स्वतःवरच खूश झालो.

त्याच दुपारी ट्रान्सफॉर्मर जळाला. फ्रिज बंद, कूलर बंद. पत्र्याच्या छपराखाली आमची खोली दोन दिवस तापत राहिली.

मॅडम परत आल्या. प्रत्येक नळीतलं थोडं थोडं घेऊन त्यांनी नव्या खाद्यावर लावलं. तीन दिवस थांबल्या. एकातही काही उगवलं नाही.

"जुन्या नळ्या?"

"धुतल्या, मॅडम."

त्या स्टुलावर बसल्या. "गेला प्रबंध," म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहून केलं, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही मायेनं जेवू घातलं, भाऊ. नेमकं तिचं पोट भरलं अन् ऊन आलं."

मग त्या एकदम उठल्या आणि कपाटामागून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ओढून काढला. दोन उन्हाळ्यांपूर्वी बिनकामाच्या म्हणून टाकलेल्या चार नळ्या त्यात होत्या. आत नुसती पिवळी खपली. त्यांनी साखरेचं पाणी सोडलं. तिसऱ्या दिवशी एका नळीतल्या खपलीतून पांढरे ठिपके उगवले. मॅडमनी टिचकी मारली नाही, काही विचारलंही नाही. पदरानं डोळे पुसले आणि वर्गावर गेल्या.

पुढे तोच घोळ त्यांनी मुद्दाम घालून पाहिला. पोटभर जेवलेली मोहफुली गरम पाण्यात मरायची, उपाशी मोहफुली तगायची. "तुमची चूक माझं पाचवं प्रकरण झाली," त्या सांगायच्या. आजवर मला यापेक्षा मोठी माफी कोणी दिलेली नाही.

त्या मात्र कधी थांबल्या नाहीत. नदीपलीकडच्या कारध्याहून पूल ओलांडून पायी येणं, दिवसभर शिकवणं, रविवारी वडिलांसाठी मोहाडी, उरलेल्या वेळात प्रबंध. "जरा बसत जा," असं मी एकदा म्हणालो. "माझ्या दारची अक्षत बंदच होत नाही, भाऊ. कशी बसू?" पदवी मिळाली आणि दीडेक वर्षात कावीळ झाली. अंगावर काढली. प्रॅक्टिकलच्या परीक्षा संपेतो त्या दवाखान्यात गेल्या नाहीत. गेल्या तेव्हा फार उशीर झाला होता. उपाशी पेशीला जे कळतं ते आमच्या मॅडमना स्वतःपुरतं कळलं नाही, याचा मला आजही राग येतो.

तेराव्याला मोहाडीला गेलो, तेव्हा त्यांच्या बहिणीनं घरच्या मागावरच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला तोच डबा माझ्या हातात ठेवला. "ताईनं तुमच्यासाठी ठेवला होता." आत त्या वाचलेल्या नळीच्या वंशातल्या सहा नळ्या आणि मॅडमच्या अक्षरातली चिठ्ठी: "मोहफुली. हिले उगाच जेवू घालू नका."

मी निवृत्त झालो. डबा माझ्या घरी आहे. दर उन्हाळ्यात एक नळी काढून खिडकीसमोर धरतो, नखानं दोनदा टिचकी मारतो. आत पिवळी खपली दिसते. साखरेचं पाणी सोडलं तर तीन दिवसांत कळेल. अजून सोडलेलं नाही. उगवली नाही तर काय करायचं, ते मॅडम लिहून गेल्या नाहीत.