दगड कोरडा होता

बाबाजी घाडी अठ्ठावीस वर्षं दुबईत परांची बांधत होता. मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात माझ्याच खोलीत, खालच्या खाटेवर. गाव देवगडकडचं. बोलणं कमी, काम सावकाश; पण त्याने आवळलेला क्लॅम्प दुसऱ्या कुणाला तपासावा लागत नसे. मी झपाट्याने काम करणारा. त्याच्या सावकाशीवरून त्याला मी खूप बोललो.

आमच्या टोळीचा एक नियम होता. पाइप वर देताना वरचा माणूस 'धरला' म्हणेपर्यंत खालच्याने सोडायचा नाही. बाबाजी नीट धरल्याशिवाय ते म्हणत नसे. खाली माझे दंड भरून यायचे.

त्याच्या शेवटच्या वर्षी तो म्हणाला, "सुदेश, घरी जायच्या आधी एकदा बर्फाला हात लावायचाय. डोंगरातल्या."

"मॉलमध्ये आहे की."

"तो माणसांनी केलेला. तसल्या कामावर मी परांचीला होतो, मला नको सांगू."

ईदच्या सुट्टीत एका टूरबरोबर आम्ही किर्गिझस्तानला गेलो. पहिले दोन दिवस तळी पाहिली. प्रभावतीवहिनींचा रोज फोन, "भावजी, ह्यांना दोन मोजे घालायला सांगा." शेवटच्या दिवशी हिमनदी. दुपारी दोनला परत फिरायचं, असं गाइडने बजावलं होतं.

बाबाजी वाटेत सारखा थांबत होता. उभ्या कड्यावर रानबकऱ्या चढत होत्या. "बघ रे, बिनपरांचीच्या!" म्हणून तो एकटाच हसला.

"यल्ला बाबाजी, चल! बकऱ्या बघायला आलास का?" मी सगळ्यांसमोर ओरडलो. इतकी वर्षं फोरमन आमच्यावर ओरडत, तसाच.

पुढे ओढा लागला. मी पलीकडे गेलो आणि त्याला हात दिला. त्याने पुढच्या दगडावर एक पाय टेकला आणि तो हलतो का ते बघू लागला. परांचीवरची फळी बघायचा तसा. बाकीचे पुढे गेले होते. पाय टेकला, झालं, असं गृहीत धरून मी हात सोडला आणि वळलो. तो 'धरला' म्हणाला नव्हता.

तो पाण्यात पडला. उजवं मनगट मोडलं. गाइडचा मदतनीस त्याला खाली न्यायला निघाला.

"मी येतो बरोबर," मी म्हणालो.

"तू जा. एकाने तरी बघावा."

मी गेलो. कुणी ढकललं नव्हतं. वर पंधरा मिनिटं थांबलो. बर्फाला हात लावला, फोटोही काढून घेतला.

संध्याकाळी दवाखान्यात तो प्लास्टर घालून बसला होता. म्हणाला, "मी 'धरला' म्हटलं नव्हतं, सुदेश."

"दगड ओला होता," मी म्हणालो. दगड कोरडा होता. मी त्यावरूनच गेलो होतो.



कॅम्पात परतल्यावर मेसचा कमरुद्दीन प्लास्टर बघून म्हणाला, "काय बाबाजी, बर्फाशी कुस्ती?"

"दगड ओला होता," बाबाजी म्हणाला. "बर्फाचं ह्याला विचार. हा गेला होता."

आठ-दहा जण जमले. खरं सांगायची तीच वेळ होती. आठवड्याने तो कायमचा गावी जाणार होता.

"कसा असतो रे?" कमरुद्दीनने विचारलं.

बाबाजीही माझ्याकडे बघत होता. त्यालाही ऐकायचं होतं.

"खरबरीत," मी म्हणालो. "खाली निळा." आणि मग अर्धा तास मी फक्त बर्फाबद्दलच सांगत राहिलो.