आपली गाडी

बोरगाव मेघेच्या आमच्या घरामागे टिनाचं एक शेड होतं. आंजीच्या शेतातला कापूस विकला जाईपर्यंत ठेवायला म्हणून बाबांनी ते उभं केलेलं. कापूस गेला की शेड माझं. मी पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होतो आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या जुन्या फटफट्या उघडून बसायचो. कुणाची गोठ्यात पडून कोंबड्यांनी घाण केलेली, कुणाची सासऱ्याने हौसेने दिलेली आणि पहिल्याच पावसाळ्यात रुसलेली. अशी मेलेली गाडी पुन्हा धडधडू लागली की मला जे वाटायचं ते दुसऱ्या कशाने कधी वाटलं नाही. आई म्हणायची, "याच्या भाकरीलेही घासलेटचा वास येते."

शेडमध्ये माझ्या जोडीला धाकटी बहीण असायची. मॅट्रिक होऊन ती घरी बसली होती, म्हणजे लग्न जुळायची वाट पाहत होती. मी पार्ट खोलायचो, ती घासलेटच्या तसराळ्यात धुऊन, फडक्यावर ओळीने मांडून ठेवायची. तिच्या नखांतलं काळं काही केल्या निघत नसे. पाहुणे मुलगी पाहायला यायचे म्हटलं की आई तिचे हात लिंबाच्या सालीने घासत बसायची आणि शिव्या मला द्यायची.

पुलगावला लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव व्हायचा. तिथून एका भंगारवाल्याकडे आलेली इंग्रजी बनावटीची एक मोठी फटफटी मी घरी आणली. माझी स्वतःची अशी ती पहिलीच. हिरवा रंग खरवडला तर खाली आणखी हिरवा रंग. टाकीला पोचे, तारा सडलेल्या, इंजिन असं जाम की पिस्टन लाकडी ठोकळ्याने ठोकून काढावा लागला. आमचे दोन उन्हाळे तिच्यात गेले. नागपूरच्या जुन्या बाजारातून मी एकेक वस्तू शोधून आणायचो आणि दारातूनच बहिणीला दाखवायचो. काळ्या टाकीवरची सोनेरी रेघ तिनेच ओढली, कारण माझा हात थरथरायचा. रेघ पूर्ण झाल्यावर ती मागे सरकून बघत राहिली. "पाह्य, आपली गाडी कशी दिसून राह्यली!"

'आपली' हा आपल्या भाषेतला मोठा लबाड शब्द. गाडी दोघांची असली तरी आपली आणि एकट्याची असली तरी आपलीच. मी तेव्हा त्याचा विचार केला नाही. घरातल्या माणसाच्या बोलण्यात कोण असला कीस काढत बसतो?

ती गाडी चालू करायची एक खुबी होती. हेडलाइटच्या डोक्यावर एक काटा होता. किक हळूहळू दाबत तो बरोबर मधोमध आणायचा, डाव्या हाताजवळची बारकी मूठ ओढून इंजिनातली हवा सोडायची, किक केसभर पुढे न्यायची, मूठ सोडायची आणि मग एकच लाथ. चुकलं की किक उलटी यायची आणि नडगी फोडायची. जोर कामाचा नाही, अंदाज लागतो. तो आम्हा दोघांनाच होता.

बहिणीला ती चालवायची होती. बाबांनी साफ सांगितलं, "मांगं बसाचं तं बस. पुढं बसाचं नाई." मी तिला आंजीच्या रस्त्यावर गुपचूप शिकवणारच होतो. पण तिचं लग्न जुळलं, आणि राहून गेलं.

तिला गिरडकडच्या एका गावात दिली. जावई शेतकरी, शांत माणूस, त्याच्याबद्दल वाईट बोलायला मला आजही काही सापडत नाही. शेत गावापासून लांब, तो सायकलने जायचा. पुढे ऐंशी सालच्या उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. लग्नानंतरचा पहिलाच, म्हणजे जावयाला घरी बोलावून, जेवू घालून, अनारशांचं वाण द्यायचं. बाबा मला म्हणाले, "गाडी चांगली पुसून ठेवजो. जवाईबापू येऊन राह्यले." मला बरं वाटलं. बाबांना माझ्या गाडीचा अभिमान वाटतो, असं मी समजलो! मी तिला पॉलिश केलं, चाकाची तारन् तार पुसली आणि जावयाला एसटी स्टँडवरून तिच्यावर बसवून आणलं. बहीण रिक्षाने मागून आली.

पुरणपोळी झाली, आमरस झाला. दुपार कलल्यावर आईने जावयासमोर ताट ठेवलं. खाली अनारसे, वर दिवा आणि दिव्याच्या बाजूला माझ्या गाडीची चावी. बाबा अंगणात गेले, त्यांनी गाडीला हळदकुंकू वाहिलं. मी बघतच राहिलो. त्यांच्यामागे जाऊन हळूच विचारलं, "बाबा, हे काऊन?"

ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "काऊन म्हंजे? आपलीच तं हाय गाडी. देऊन टाकली."

जावयाच्या ताटातलं वाण कोणी मागे घेत नाही. चार पाहुण्यांसमोर तर तोंडही उघडता येत नाही, आणि हे बाबांना पक्कं माहीत होतं. माझ्याच हाताने त्यांनी माझी गाडी चमकवून घेतली होती. पोळ्याला बैलाला कोणी इतकं सजवत नसेल.

निघायची वेळ झाली. जावयाने किक मारली. गाडी ढिम्म. पुन्हा मारली, किक उलटी आली आणि बिचारा नडगी धरून खाली बसला. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी खांबाला टेकून उभा राहिलो. गाडी सुरू झाली नाही तर ती इथेच राहील, जावई एसटीने जाईल, आणि मग बघू कोण कुणाला काय देतं ते. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात बहीण पुढे आली. पदर खोचला, काटा मधोमध आणला, मूठ ओढली, सोडली आणि एक लाथ घातली. गाडी पहिल्याच दणक्यात सुरू झाली. पाहुणे हसले, कोणी टाळ्याही वाजवल्या. ती नवऱ्याच्या मागे बसली, मांडीवर पिशवी घेतली आणि निघून गेली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

रात्री जेवताना आई बोलून गेली, "तिनंच मांगतली. बाबाच्या मांगं लागली होती."

बाबांनी दिली हे मी पचवलं असतं. बाप असाच असतो, म्हणून सोडून दिलं असतं. पण जिच्यासोबत मी एकेक नट धुतला, तिने माझा केसाने गळा कापला. पुढच्या भाऊबिजांना मी गेलोच नाही. तिने निरोप पाठवले, मी ड्युटीचं कारण सांगत राहिलो.

शेवटी आईने फार धरलं, म्हणून एका दिवाळीला गेलो. सकाळी अंगणात चहा पीत बसलो होतो. गाडी समोर उभी होती. सोनेरी रेघ तशीच होती. बहीण चुलीपाशी भाकरी थापत होती. न राहवून मी विचारलंच, "काऊन मांगतली व तू माही गाडी?"

ती थापता थापता थांबली. "मी आपली गाडी मांगतली, दादा. तिथं बाबा पुढं बसू देत नव्हते. मले वाटलं, इथं आली तं चालवाले भेटन."

"मंग? भेटली?"

बाहेरून जावयाने हाक मारली, "अवं, येतं का?" ती उठली. पिठाचे हात लुगड्याला पुसले, अंगणात जाऊन काटा मधोमध आणला आणि लाथ घातली. जावई बसला आणि शेताकडे निघून गेला. धूर विरेपर्यंत ती तिथेच उभी होती. मग पुन्हा चुलीपाशी येऊन बसली.

"चालू कराले भेटते," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.