सव्वातीनचं भुंकणं

माझा धाकटा भाऊ घड्याळजी. चाळीस वर्षं त्याने घड्याळं कानाला लावून बरी केली. डोळ्याला भिंग असायचं खरं, पण भरवसा सगळा कानावर. "ताई, हे लंगडतंय बघ," म्हणायचा, आणि घड्याळ खरंच लंगडत असायचं.

दुकान पुढे, आमच्या दोन खोल्या मागे. माणसं दोन आणि जनावरं तीन. कुत्र्याची शेपटी सारखी इकडून तिकडे, म्हणून तो लंबक. मांजर किल्ली. पिंजऱ्यातला पोपट मास्तर, कारण ऐकलेलं सगळं घोकत बसायचा.

तर पोरांनो, हा लंबक मोठा शहाणा. पण एकाएकी रोज दुपारी सव्वातीनला भुंकायला लागला. मिनिटभर नुसता गोंधळ, मग चिडीचूप. शेजारचा चष्मेवाला तणतणत आला.

"अहो, मी गिऱ्हाइकाला अक्षरं वाचायला सांगतो, आणि ते दचकून खुर्चीतून उठतं!"

"उंदीर असेल," भाऊ म्हणाला.

"मग मांजर काय पगारी रजेवर आहे?"

उंदीर शोधला. कपाट सरकवलं, कोपरे झाडले. एक लेंडी सापडेल तर शपथ. पंधरा दिवसांत चष्मेवाल्याने बोलणंच टाकलं. शेवटी भावाने ठरवलं, रविवारी लंबकाला चुलतभावाच्या मळ्यावर सोडून यायचं. ठरवलं खरं, पण त्या दिवसापासून त्याचं जेवण अर्ध्यावर आलं. लंबक मात्र शेपटी हलवत त्याच्याच पायाशी.

शनिवारी मी दुपारची झोप सोडली आणि दुकानात मटार सोलत बसले. सव्वातीनला किल्ली उठली आणि कपाटाच्या खालच्या खणासमोर कान टवकारून बसली. लगेच लंबक भुंकला, तोंड त्याच खणाकडे. तो दमला तसा मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाला, "टीं-टीं. टीं-टीं."

"हे कुठून शिकला रे हा?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. बरेच दिवस तेच लावलंय. आपल्याकडे असं काही वाजतच नाही."

माझा हात शेंगेवरच थांबला. मांजर जागा दाखवत होती, कुत्रा वेळ सांगत होता, पोपट आवाज काढून दाखवत होता. आम्ही मात्र एकेकाला वेगवेगळं वेडं ठरवून मोकळे झालो होतो.

"खण उघड," मी म्हटलं.

आत फडक्यात गुंडाळलेलं मनगटी घड्याळ होतं, गल्लीतल्या नर्सबाईंचं. त्यांच्या म्हाताऱ्या आईचं सव्वातीनचं औषध चुकू नये म्हणून त्यांनी गजर लावलेला. तो बिघडला म्हणून घड्याळ इथे आणून दिलं. भावाने आतला भाग बदलला, कानाला लावलं, काही नाही. पुन्हा बदलला, तरी नाही. "गजर मेलाय, बाई. बघतो अजून एकदा," असं सांगून ठेवून दिलं होतं.

आता त्याने गजराचं बटण दाबलं. किल्लीने मान वळवली. लंबक ताडकन उभा राहिला. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. मला तरी कुठे ऐकू येत होतं!

भावाने घड्याळ दातांत धरलं आणि डोळे मिटले.

"वाजतंय, ताई. दातांना कळतंय. पहिल्या दिवसापासून वाजत असणार."

त्याने घड्याळ हळूच फडक्यावर ठेवलं. ज्या कानांवर घर चाललं, तेच न सांगता निघून गेले होते. मला वाटलं, आता दुकानाला कुलूप लावतो की काय. पण तो उठला आणि थेट चष्मेवाल्याकडे गेला. मी दारात उभी.

"कुत्र्याची चूक नव्हती. माझे कान गेलेत. बारीक आवाज येत नाहीत."

एरवी टोमणा तयार असणारा तो माणूस चष्मा पुसत म्हणाला, "डोळ्यांचं असतं तर मी बघितलं असतं. कानांसाठी... कुत्राच ठेवा."

नर्सबाईंनाही भावाने खरं ते सांगितलं. "घड्याळ केव्हाच बरं झालं होतं, बाई. बिघाड माझ्यात होता."

रविवार आला तसा गेला. हल्ली गजर तपासायचा असला की लंबक शेजारच्या स्टुलावर बसतो. भाऊ बटण दाबतो आणि त्याच्याकडे बघतो. कान उभे राहिले की घड्याळ पास. भुंकला तर आवाज जरा कमी करायचा.

भिंतीवरच्या मोठ्या घड्याळांचे ठोके मात्र तो अजून स्वतःच ऐकतो. मोजून, हळूहळू, लंबकाच्या डोक्यावर हात ठेवून.