स्वयंपाकघरातली विंग

पडदा वर जातो तेव्हा समोर एक अरुंद स्वयंपाकघर दिसतं. उजवीकडे खिडकी, तिच्या गजाला वाळत घातलेलं फडकं. मधोमध शेगडी, तिच्यावर पाण्याचं मोठं पातेलं आणि त्यापाशी पाठमोऱ्या उभ्या वहिनी. टेबलाशी मी, त्यांची लेक आणि भिंतीकडच्या खुर्चीत त्यांचे यजमान, आमचे कुजबुजे.

कुजबुजे हे काही आडनाव नव्हे. उभं आयुष्य त्यांनी आमच्या नाटकांत प्रॉम्प्टिंग केलं. विंगेत स्टुलावर बसून नटाला विसरलेलं वाक्य कुजबुजत पोचवायचं. टाळ्या आम्ही घेतल्या, घसा त्यांचा बसला. मी राजाच्या भूमिका करायचो, म्हणून ते अजून मला 'राजे' म्हणतात आणि म्हणता म्हणता गाजरं सोलायला पुढ्यात ठेवतात.

त्या दुपारी मात्र मला गाजरांना हात लावायची मनाई होती. वहिनींना अलीकडे विसर पडू लागला होता. मागे एकदा दूध आटून पातेल्याचा कोळसा झाला, आणि वहिनी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या. तेव्हापासून लेकीच्या जिवाला घोर. शेगडी काढून टाकायची, जेवण बाहेरून मागवायचं, असं तिनं जवळजवळ ठरवलंच होतं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "एकदा माझा हात बघ तरी." मग ठरलं, की लेकीच्या लहानपणापासून आवडीचा, भाज्या आणि चीज घातलेला पास्ता त्यांनी एकटीनं करायचा. जमला तर शेगडी राहील.

"आणि बाबा, मधे बोलायचं नाही," लेक म्हणाली. "काका, तुम्हीपण."

"माझी काळजी नको. मला कधी काही पाठ होतं?" मी म्हणालो.

पाणी उकळलं, मीठ पडलं, पास्ता पडला. शेजारच्या कढईत लसूण, मग गाजर, फरसबी, सिमला मिरची. आणि वहिनी थांबल्या. मी खुर्चीत पुढे सरकलो, तर कुजबुज्यांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं. विंगेतून नटाचं तोंड धड दिसत नाही, म्हणून ते हात बघत. मुद्दाम थांबलेल्याचे हात शांत असतात, विसरलेल्याची बोटं काहीतरी शोधू लागतात. वहिनींचे हात शांत होते. फरसबी शिजायची त्या वाट बघत होत्या.

पास्त्याचा तुकडा दाबून बघितला, पातेलं चाळणीत उपडं केलं, त्यातलं वाटीभर पाणी आधीच बाजूला ठेवलेलं. सगळं कढईत एकत्र झालं. गॅस आठवणीनं बंद केला. लेकीनं ते पाहिलं आणि खांदे सैल सोडले.

वहिनी कढई टेबलावर ठेवून पुन्हा थांबल्या. या वेळी बोटं अ‍ॅप्रनची कड चाचपू लागली. चीजचा तुकडा किसणीशेजारी तसाच पडला होता. लेकीनं मान खाली घातली.

 कुजबुज्यांनी किसणी उचलली आणि तिच्यावरून नख ओढलं. खर्र.

वहिनी वळल्या. "चीज राहिलं की. आणि तुम्ही किसणीशी काय खेळत बसलाय? द्या इकडे."

चीज भरभरून किसलं गेलं, गरम पास्त्यावर वितळलं, तारा सुटल्या. आम्ही ताटल्या पुढे ओढल्या. पास्ता झकास झाला होता. दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर लेक म्हणाली,

"बाबा, तुम्ही सांगितलंत तिला."

"मी बोललो का काही?"

"किसणी बोलली ना. आज तुम्ही होतात. ही शेगडीशी असेल आणि तुम्ही भलतीकडेच असाल तेव्हा?"

कुजबुज्यांनी ताटलीला लागलेलं चीज बोटानं पुसून खाल्लं. मग आपली खुर्ची उचलून शेगडीच्या बाजूला, वहिनींचे हात दिसतील अशी ठेवली आणि तिच्यात बसले.

"प्रयोग चालू असताना मी कधी विंग सोडली होती का, विचार या राजांना."