राक्षस आधी कुणावर धावतो

हिंगोलीजवळच्या गोरेगावात आमची पिठाची गिरणी आहे. ती बायको चालवते आणि मी तिथे बसतो. आधी मी एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवायचो. फळ्यावर स्वतःच लिहिलेलं वाचता येईना तेव्हा नोकरी सोडली. डोळे एकदम गेले नाहीत. पहिल्यांदा दिवेलागणीनंतर दिसेनासं झालं, मग दोन्ही बाजू मिटत आल्या. आता उजेडात नळीतून पाहावं तसा समोरचा तेवढा तुकडा दिसतो, तोही धुरकट. बोलणाऱ्याचं तोंड दिसतं, पण माझ्या पायाशी ठेवलेली बादली दिसत नाही. त्यामुळे माझ्याकडे बघून कुणाला काही कळत नाही. गावातली माणसं म्हणायची, "मास्तर लई गर्वाचा झाला, राम राम घातला तरी बघत न्हाई." मी ते खुशाल म्हणू द्यायचो. गर्विष्ठ म्हटलेलं मला चालत होतं.

दुपारी दळण येत नाही. त्या वेळी मी कानात हेडफोन घालून कॉम्प्युटरवर एक खेळ खेळतो. या खेळात चित्रं नाहीत, सगळं अक्षरांत आहे. 'उत्तर' अशी दिशा टाइप केली की पुढच्या खोलीचं वर्णन येतं. भिंती कशा आहेत, दार कुठे आहे, आत कोण उभं आहे. जगभरातली माणसं त्याच खोल्यांतून एकाच वेळी फिरत असतात. माझा कॉम्प्युटर त्या ओळी मोठ्याने वाचतो. इथे डोळ्यांची गरजच नाही असं समजून मी त्यात शिरलो होतो.

पण त्या खोल्यांत राक्षस असतात. डोळस खेळाडू आत शिरला की त्याची नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते, कारण कोण उभं आहे ते तिथे लिहिलेलं असतं. मला मात्र सगळं वरून ऐकावं लागतं. ओल्या भिंती, तुटकी पायरी, कोपऱ्यातली हाडं, आणि मग कुठे 'एक लांडगा तुमच्याकडे वळतो.' तोवर लांडगा चावून मोकळा झालेला असायचा. सुरुवातीला मी रोज मरायचो.

मग मी राक्षसांचं डोकं कसं चालतं याच्या मागे लागलो. दिसतो त्याच्यावर धावायचं, एवढं सोपं ते नसतं. खोलीत कुणी आलं की राक्षस आधी तपासतो, हा मला दिसतोय का? अंधार असेल, किंवा येणारा लपतछपत आला असेल, तर पुष्कळसे राक्षस गप्प राहतात. मग तो बघतो, हा माझ्यापेक्षा कमजोर आहे का? काही फक्त कमजोरांवरच जातात. काही कुणाला आपणहून हात लावत नाहीत, पण एकदा मारून पळालात तर ध्यानात ठेवतात आणि परत दिसलात की विचार न करता झडप घालतात. चारचौघं मिळून गेलात तर काही जण आधी शिरलेल्याला धरतात, आणि काही ज्याच्यात सगळ्यांत कमी जीव उरलाय त्याला. कुठला कसा, हे मी मरून मरून पाठ केलं. पुढे पुढे लोक मला विचारूनच खोलीत शिरायला लागले. शाळेची नोकरी सुटल्यानंतर मला कुणी काही विचारावं असं ते एकच ठिकाण राहिलं होतं.

एकदा असाच मेलो आणि खेळाडूंच्या गप्पांच्या चौकटीत रोमन अक्षरांत 'अरे देवा' लिहिलं. लगेच उत्तर आलं, "काहून मेले भाऊ?" 'का'च्या जागी काहून म्हणणारा माणूस आपल्याच भागातला असणार. निघाला हिंगोलीचाच. बापजाद्यांचं कापडाचं दुकान होतं, गिऱ्हाईक नसेल तेव्हा काउंटरच्या आडून खेळायचा. मी शिक्षक होतो असं कळल्यावर तो मला गुरुजी म्हणायला लागला. खेळातला त्याचा गडी दणकट, माझा काटकुळा. खोलीत तो आधी शिरायचा आणि मार खायचा, मी मागून सांगायचो.

"थांब. हा कमी जीववाल्याला धरतो. आधी बरा हो, मग आत जा."

"गुरुजी, तुमाला एवढं दिसतं तरी कसं?"

"नीट वाचतो," मी लिहायचो.

त्याने एकदा खेळातल्या एका गुहेचा नकाशा कागदावर काढला आणि त्याचा फोटो मला मोबाइलवर पाठवला. मी 'छान' म्हणून कळवलं. "पुलाची जागा बराबर आहे ना?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "बराबर आहे." त्या पुलाच्या भरवशावर आम्ही दोघंही मेलो.

मग तो भेटायच्या मागेच लागला. "गोरेगाव ते हिंगोली किती लांब आहे? या ना. घरी जेवायलाच या." बायको म्हणाली, मी सोबत येते, न्हाई तर ती पांढरी काठी तरी न्या. ती काठी एका शिबिरात मिळाली होती, पण मी ती घेऊन उंबऱ्याबाहेर कधी गेलो नव्हतो. म्हणालो, "दिवसाढवळ्या जातोय. दिसतं मला." आणि काळीपिवळी जीपमध्ये बसून एकटाच निघालो.

हिंगोलीत बसस्थानकाजवळ उतरलो. हळद बाजारात यायचे दिवस होते, मोंढ्याकडे जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरलेला. मी समोरच्या तेवढ्या तुकड्यात निळी पाटी शोधत चाललो होतो, कारण भेटायचं तिच्याखाली ठरलं होतं. पाय कशावर तरी आदळला. एक बाई लेकराला घेऊन जमिनीवर जेवायला बसली होती. तिचा डबा माझ्या पायाने उडाला. मी खाली बसून चाचपायला लागलो तर हात सरळ कालवणात गेला. लेकरू रडायला लागलं. तिच्या नवऱ्याने माझी कॉलर धरली.

"डोळे फुटले का रे? सकाळच्या पारीच ढोसून आलास?"

माणसं जमली. कुणीतरी हसलं. आणि त्याच वेळी मागून आवाज आला, "गुरुजी? गोरेगावचे गुरुजी का?"

कोणता शर्ट घालून येणार ते मी त्याला आधीच कळवलं होतं.

"तुमचा माणूस का हा?" तो नवरा म्हणाला. "सांभाळा. पिऊन आलाय."

माझा मित्र माझ्या अगदी समोर आला. दाढी दिसली, त्यात थोडी पांढरी. पहिल्यांदाच बघत होतो त्याला. त्याने हळूच विचारलं, "गुरुजी, प्यालात तुमी?"

खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या गर्दीत, कालवणाने भरलेला हात घेऊन, याच्यासमोर आंधळा व्हायचं मला जमेना. मी म्हणालो, "थोडी घेतली."

त्याने त्या बाईला समोरच्या हॉटेलातून खायला आणून दिलं, तिची माफी मागितली. मग मला दंडाला धरून गोरेगावच्या जीपपाशी नेलं. ड्रायव्हरला म्हणाला, "यांना घरापर्यंत सोडा." मला म्हणाला, "जाऊन झोपा." त्याच्या घरी माझ्यासाठी स्वयंपाक झाला होता, हे मला पुढे कळलं. जीपमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो. शेजारच्याने सरकून अंतर ठेवलं.

ड्रायव्हर गोरेगावचाच. त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी दळणाला आलेल्या एका बाईने गिरणीत सगळ्यांदेखत विचारलं, "मास्तर हिंगोलीत पिऊन पडले होते म्हणं?" बायकोने पट्टा थांबवला. ती माझ्याजवळ आली आणि माझा श्वास हुंगला. तिचे वडील दारूपायी गेले. लहानपणी ती असंच त्यांचं तोंड हुंगून आईला सांगायची, हे तिनेच मला लग्नानंतर सांगितलं होतं.

"प्यालात का?"

"न्हाई."

मग मी तिला झालं ते सांगितलं.

तिने पिठाचे हात पदराला पुसले. मग म्हणाली, "बेवडा म्हणून घ्यायला लाज न्हाई वाटली? दिसत न्हाई म्हणायला वाटली? आन् आता गावात मला पुन्हा तेच ऐकायचं?"

बसस्थानकातली लाज मला जड वाटली होती. ही तिच्याहून जड होती. तिने पुन्हा गिरणी सुरू केली, आणि ती बाई दळण होईपर्यंत आमच्या दोघांकडे बघत उभी असणार, असं मला वाटत राहिलं.

खेळात मित्र यायचा, पण एकटा फिरायचा. त्याचा गडी मेल्याची ओळ माझ्या कानात सारखी वाजायची. कुठला राक्षस कसा ठरवतो हे त्याला ठाऊक नव्हतं. ते माझ्या भरवशावर चालायचं. शेवटी मी त्याला लिहिलं. मी प्यालो नव्हतो, मला दिसत नाही, हा खेळ मी ऐकून खेळतो. पाठवण्याआधी ते मी अनेकदा पुसलं.

त्याचं उत्तर आलं, "आन् तो नकाशा?"

"पाहिला न्हाई."

"मग बराबर आहे काहून म्हणाले?"

तो खेळातून निघून गेला.

मग एका सुट्टीच्या दिवशी तो मोटारसायकलवर गोरेगावला आला आणि विचारत विचारत थेट गिरणीत. बायकोने त्याला स्टूल दिलं. तो रागातच होता.

"दुकानात सगळ्यांना सांगितलं मी, माझा दोस्त बेवडा निघाला. अम्मीला सांगितलं. तिनं तुमच्यासाठी बनवलेलं वाटून टाकलं. आता त्या सगळ्यांना काय सांगू?"

"सांग, तसं नव्हतं म्हणून."

"मग कसं होतं?"

गिरणीत दोन-तीन जण दळणाची वाट बघत होते. बायको हॉपरशी उभी होती, पण दाणे ओतायचा आवाज येत नव्हता. मी म्हणालो, "सांग की तो आंधळा आहे." तो शब्द मी स्वतःसाठी पहिल्यांदाच वापरला. माझे कान तापले. कुणीतरी चप्पल सरकवली, कुणी घसा साफ केला. मग दाणे पडायला लागले.

चहा आला. त्याने फुंकर घातली. मग त्याने विचारलं, "मग शेवटची ओळ तुमाला शेवटी ऐकू येते?"

"शेवटीच."

"आन् तोवर तो धावून येतो."

"व्हय."

"मग मी आत गेलो की आधी तेवढंच लिहीत जातो. कोण उभा आहे तेवढंच. तुमी त्या शेवटच्या ओळीची वाट बघू नका."

जाताना तो म्हणाला, "येतो." आणि थांबून राहिला. कशासाठी ते मला कळेना. बायको मागून म्हणाली, "हात पुढं केलाय त्यांनी." मी घाईने हात पुढे केला, तो त्याच्या कोपराला लागला. तिथे उभ्या असलेल्यांनी ते पाहिलंच असणार. त्याने माझा हात शोधून धरला, आणि तो सुटेपर्यंत मी खाली बघत राहिलो.