चिठ्ठीवरची 'कमी'

"गाडी नहीं भागी, तो मॅडम कल से काउंटर पर," गाझियाबादच्या आमच्या वर्कशॉपचे मालक सगळ्यांदेखत म्हणाले. मीही तोऱ्यात म्हटलं, "चलेगा." इंजिनावरून उठवलं तर मात्र मी करणार काय? फोन उचलायला का इंजिनिअर झाले होते?

तेव्हा परदेशी गाड्या नुकत्याच यायला लागल्या होत्या. नव्या सेक्टरांतले हौशी लोक टर्बो बसवून घ्यायचे आणि वर म्हणायचे, "बडा कॅम डालो." कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. त्याचे उंचवटे रुंद केले, की हवा घेणारा आणि धूर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदम उघडे राहतात. साध्या रेसच्या इंजिनाला ते मानवतं. टर्बोत दाबून भरलेली हवा मात्र तशीच मागच्या मागे पळते. घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं मी हे. मिस्त्री हसायचे, "मॅडम किताब पढके आई हैं." आले वाचून! चोरी केली का?

एका टर्बोवाल्या गाडीसाठी माझ्या हिशेबाने, उंचवटे कमी रुंद करून घासून घेतलेला शाफ्ट मी टेबलावर जुन्या 'बड्या'शेजारी ठेवला. ओळखू यावा म्हणून चिठ्ठी बांधली: 'कमी'. मिस्त्रींना म्हटलं, "टेबल पे रखा है, लगा दो," आणि दहा पावलांवर माझ्या मशीनकडे वळले.

चाचणीत गाडी पुलाच्या चढावरच ढेपाळली. मालकांनी काउंटरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. माझं डोकं सटकलं. "आधी झाकण खोला!" मी मराठीतच ओरडले. खोललं, तर आत जुना दांडा! माझा भंगारच्या पेटीत, चिठ्ठीसकट.

"आपने ही तो लिखा है," मिस्त्री म्हणाले, "इसमें कमी है."

अगं बाई! हिंदीत कमी म्हणजे खोट. जन्म दिल्लीत गेला, घरात मराठी नि दारात हिंदी, तरी चिठ्ठी लिहिताना हात घरचाच चालला.

माझा शाफ्ट बसवला. मालक स्वतः गाडी घेऊन गेले आणि परतले ते लाल होऊन, हसत. "क्या खींचती है! मॅडम, आगे से हिंदी में लिखना. चिठ्ठी मैंने भी देखी थी. लगा, खराब ही होगा."

शब्दाची चूक माझी, मान्य. पण मी हसले नाही.

"लिखूँगी," म्हटलं. "और आप पूछना. मैं यहीं खडी थी."