आत्ताच घेऊन आलो

पुतणीने निवासी शाळेची प्रवेश परीक्षा दिली आणि काही आठवड्यांनी तात्पुरती उत्तरसूची जाहीर झाली. तिने आपली उत्तरे ताडून पाहिली. गेल्या वर्षी यादी ज्या गुणांवर थांबली होती, त्यापेक्षा तिला एक गुण कमी पडत होता. आक्षेप नोंदवण्याची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. तिला त्या शाळेत जायचेच होते.

वाद एकाच प्रश्नाचा होता. उताऱ्यात एक पाहुणा दुपारी नातेवाइकाकडे येतो. घरची बाई चहाचे विचारते. तो म्हणतो, ‘आत्ताच घेऊन आलो.’ बाई तरीही चहा ठेवते. पुढे उतारा शेतातल्या तुरीकडे वळतो. पाहुणा चहा प्यायला की नाही, हे कळत नाही. प्रश्न होता : पाहुण्याच्या या शब्दांवरून काय समजते? पुतणीने पर्याय निवडला होता : त्याला संकोच वाटत होता. सूचीप्रमाणे उत्तर होते : त्याने आधीच चहा घेतला होता.

तिचा बाप म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो ढाणकीहून रोज तालुक्याच्या कचेरीत कारकुनीला जातो. त्याला वादच मान्य नव्हता.

“तो म्हणते ना घेतला म्हणून? मंग घेतला. जे लिहिलं तेच वाचा लागते.”

“मंग आपल्या घरी आई चहा कायले मांडते?” पुतणी म्हणाली. “आपल्या घरी येणारे सगळेच असं म्हणतेत, अन् सगळेच पेतेत.”

माझी नोकरी वर्तमानपत्रात मजकूर तपासण्यात गेली, म्हणून आक्षेप लिहायचे काम माझ्याकडे आले. आधी मला भावाचे पटले. उताऱ्यात नाही ते उताऱ्यावर लादता येत नाही. मग लक्षात आले की ‘तरीही चहा ठेवते’ हेही उताऱ्यातच आहे. बाईने त्याचे शब्द खरे धरले नसावेत. पण ती आल्यागेल्या प्रत्येकासाठी ठेवत असेल, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पुन्हा वाचल्यावर आधी कळलेलेही कळेनासे झाले.

पाहुणा नको म्हणाला तरी चहा का, असे भावाच्या बायकोला विचारले. ती म्हणाली, “न मांडून कसं चालंल?”

“आणि तो खरंच घेऊन आला असेल तर?”

“तरी मांडाच लागते, भाऊजी.”

तेवढ्यात बोअरची मोटर पाहायला गल्लीतले मिस्त्री आले. पुतणी त्यांना चाचा म्हणते. आतून चहाची विचारणा झाली.

“नको भाभी, अभी पीके आलो.”

आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहू लागलो.

“काय झालं?” ते म्हणाले. “तोंडाले ग्रीस लागलं काय?”

चहा आला. त्यांनी बशीत ओतून तो संपवला.

“चाचा, खरं सांगा,” पुतणी म्हणाली, “तुमी घेऊन आलते का?”

“हाव. स्टँडवर घेतला ना.”

“पाहा!” भाऊ म्हणाला.

“मंग हा काहून पेला?”

“भाभीनं मांडला तं. पहिले नको म्हणा लागते, बेटा. एकदम हो म्हणायले शरम वाटते.”

“पाहा!” पुतणी म्हणाली.

मिस्त्री माझ्याकडे वळले. “भाऊ, मी कोणाच्या बाजूनं बोललो?”

मी आक्षेप लिहायला घेतला.

आक्षेपासोबत आधार देणे सक्तीचे होते. “चाचाचं नाव टाकता येते का?” पुतणीने विचारले. मिस्त्री लगबगीने मोटरीकडे गेले. मी उताऱ्यातले ‘तरीही चहा ठेवते’ हे वाक्य आधार म्हणून उतरवले, दोन्ही पर्याय ग्राह्य धरावेत अशी विनंती केली आणि मुदतीत पाठवून दिले. माझी स्वतःची खात्री कोणत्याच पर्यायाबद्दल नव्हती.

अंतिम सूचीत तो प्रश्न रद्द झाला आणि सर्वांना गुण मिळाला. कारण दिलेले नव्हते. यादीत पुतणीचे नाव लागले. ‘मंग बरोबर कोणतं होतं?’ हे तिने यादी पाहतानाच विचारले होते. ट्रंक भरायला घेतली तेव्हा तिला नवी शंका आली.

“मोठे बाबा, तिथं शाळेच्या बाईंनी घरी बोलावलं अन् चहाचं विचारलं, तं काय म्हणू?”

“पाह्यजे असंल तं हो म्हण,” भाऊ म्हणाला.

“नको म्हणजो पहिले,” आतून तिची आई म्हणाली.

पुतणी कपड्यांच्या घड्या हातात धरून माझ्या उत्तराची वाट पाहत राहिली.